दुप्पट स्पीडवर आण्णा

११ नोव्हेंबर, सोमवार

किती वेळा सांगितलं आण्णांना – दोन मिनिटांच्या वर बोलायचं नाही! आज परत नऊ मिनिटं चाळीस सेकंद. नऊ! त्यात कामाचं काय, तर कालव्याला पाणी तीन दिवस उशिरा सुटलं आणि मथुराकाकूची शेळी व्याली. दोन करडं. एक पांढरं, दुसरं पण पांढरंच, पण एका कानाला काळं. त्या कानाला दीड मिनिट.

रोज दुपारी एकला फोन करायचे. ते मी दिवाळीत बंद केलं. म्हणलं, रेकॉर्ड करून पाठवत जावा, मी सवडीनं ऐकतो. शेजारच्या मथुराकाकूची नात ऋतुजा, तिनं त्यांना माईकचं बटन दाबायला शिकवलं. मला वाटलं वेळ वाचेल. कसला वाचतोय! फोनवर निदान मधे ‘बरं, ठेवू का’ म्हणता यायचं. ह्याला तर थांबवताच येत नाही. घरात म्हातारा एकटा, आई जाऊन अकरा वर्षं झाली, बोलावं वाटतं – समजतं मला. पण माझा दिवस कोण समजून घेणार?

पावणेपाचला उठतो. पाच ते सात दुधाच्या पिशव्या, बासष्ट घरं, सायकलवर. त्यातनं खोलीचं भाडं सुटतं. आठ ते आठ टॉवेलचा कारखाना. चार माग सांभाळायचे. आल्यावर भाकरी, भांडी, कपडे. आणि माळशिरसच्या पलीकडच्या वस्तीवर बसून हे म्हणतात, शेळीच्या कानाला काळं आहे.

मोबाईलवर एक सर असतात, वेळेचं नियोजन शिकवतात. म्हणतात, रोज दहा मिनिटं लिहा म्हणजे वेळ कुठं सांडतो ते दिसतं. म्हणून ही वही. नाव दिग्विजय, शिक्षण नववी नापास. नाव ठेवताना आण्णांनी जरा जास्तच धरलं होतं माझ्याकडनं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सापडलं! रेकॉर्डिंगच्या शेजारी एक बारकं बटन असतं. दाबलं की दीडपट, अजून दाबलं की दुप्पट. आजचे अकरा मिनिटांचे आण्णा साडेपाच मिनिटांत संपले. सकाळी दूध टाकत टाकतच ऐकले, म्हणजे तसे बघितले तर शून्य मिनिटांत. आवाज चिमटीत धरल्यासारखा येतो, पण शब्दन् शब्द कळतो.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज नळाला पाणी यायचा दिवस. पाचव्या दिवशी येतं हितं. किती वाजता ते कुणालाच माहिती नाही. आज सव्वादहाला आलं. सकाळी सातपासनं घागरी मांडून बसलो होतो. तीन तास पंधरा मिनिटं गेली. त्यात कपडे धुता आले असते, पण धुवायला पाणी पाहिजे!

आण्णांना सांगितलं तर लई हसतील. ते सव्वीस वर्षं पाटकरी होते, कालव्याच्या फाट्यावर, रोजंदारीवर. कुणाच्या रानात किती तास पाणी, कुणाची पाळी कधी, सगळं त्यांच्या तोंडात. घड्याळ नव्हतं तेव्हा सावलीवर पाळी बदलायचे. आणि त्यांच्या पोराला नळ कधी येतो ते सांगता येत नाही.

दुधाचा रस्ता बदलला. आधी तीन मजल्यांची घरं, मग बैठी. अकरा मिनिटं वाचली. सगळे शर्ट आता एकाच रंगाचे, निवडायला नको. चपलेला पट्टा नको. कडक भाकरी आणि शेंगाचटणी – शिजवायला नको, भांडी नको, उभ्यानं खाता येतं.

वाचलेल्या अकरा मिनिटांत काय केलं? झोपलो असतो, पण झोप येईपर्यंत ती संपली.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज डोक्यात एक गोष्ट आली, ती लिहूनच ठेवतो.

कारखान्यात अठ्ठेचाळीस माग. बारा माणसं, माणशी चार. सकाळी बटन दाबलं की चारी माग एकदम सुरू. आडव्या सुताची कांडी चारींची एकदम संपते. मग माणूस एकाची कांडी बदलतो, बाकीचे तीन त्याची वाट बघत गप उभे. परत चालू, परत एकदम बंद. सगळा कारखाना वर्षानुवर्षं असाच पळतोय. शेजारचे महादेवप्पा तर पळतसुद्धा नाहीत. गुडघे गेलेत. ते माग बंद पडला की त्याच्याकडं बघून आधी मान हलवतात, मग चालायला लागतात.

मी काय केलं – पहिला माग चालू केला, थोडं थांबलो, मग दुसरा. परत थांबलो, तिसरा. मागांना पाळी लावली, आण्णा पाण्याला लावायचे तशी. आता एकाची कांडी संपते तेव्हा बाकीचे तीन चालूच. मी एकाकडनं दुसऱ्याकडं नुसता चालत राहतो, पळत नाही. दुपारपर्यंत मला हात रिकामे! एवढ्या वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आण्णांचा एक नियम होता. पाणी वरनं सोडलं की लोक घरी जायचे. आण्णा पाण्याबरोबर चालत टेलपर्यंत जायचे, फाट्याच्या पार शेवटच्या रानापर्यंत. म्हणायचे, ‘सोडलं म्हंजे पोचलं न्हाय. टेलला जाऊन बगावं लागतं.’ लहानपणी मी बरोबर जायचो. आठ किलोमीटर. लई कंटाळा यायचा.

३० नोव्हेंबर, शनिवार

जॉबर राजशेखर, माग दुरुस्त करतो तो, आठ दिवस माझ्याकडं बघत होता. शेवटी विचारलंच, ‘तू पळत का नाहीस रे?’ मी सांगितलं. सांगायला नको होतं का? पण मला आनंद झाला होता. कुणीतरी विचारलं तर.

तो शेठला घेऊन आला. शेठ खिशात हात घालून अर्धा तास उभे राहिले. मग म्हणाले, अजून दोन घे. घेतले. सहा माग, आणि सहाच्या सहा चालू! शेठ तेलुगूत राजशेखरला काहीतरी म्हणाले आणि हसले. माझ्या पाठीवर थाप. आठवड्याला साधारण अकराशे जास्त सुटणार.

आज आण्णांना पहिल्यांदा मीच चार ओळींचा मेसेज केला. तुमची पाळी मागांना लावली म्हणून. त्यांचं उत्तर तेरा मिनिटांचं. दुप्पट स्पीडवर पण साडेसहा. लई खूश होते. शेवटी नेहमीचं – ‘महादेवप्पाला माजा रामराम सांग.’ गेल्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनला आले होते तेव्हा चार दिवस माझ्या खोलीवर होते, तेव्हापासनं दोघांचं जमलंय. रोजच्या रेकॉर्डिंगच्या शेवटी तो रामराम असतोच. सांगू कधीतरी.

२ डिसेंबर, सोमवार

सकाळी आठला शेठनं सगळ्यांना उभं केलं. आजपासनं माणशी सहा. दिग्विजयनं करून दाखवलंय, तर सगळ्यांना जमलं पाहिजे.

अठ्ठेचाळीसला सहानं भागायला मला नववी पास व्हायची गरज नाही. आठ. बारामधले चार गेले. पहिलं नाव महादेवप्पा.

त्यांनी खुंटीवरचा शर्ट घातला, डबा घेतला. मी म्हणलं, अप्पा, मी असं म्हणलं नव्हतं. ते म्हणाले, ‘तू काय करणार तम्मा. हुशार माणूस गप बसत नाही, हा त्याचा दोष आहे.’ आणि माझ्या तिसऱ्या मागावर बोट ठेवून म्हणाले, ‘ह्याचा धागा डावीकडनं तुटतो. बघत जा.’

अक्कलकोटजवळच्या गावाहून आलेला कानडी माणूस, मला तम्मा म्हणजे धाकटा भाऊ म्हणणारा. एकोणीस वर्षं ह्याच कारखान्यात.

५ डिसेंबर, गुरुवार

एक गोष्ट मोजायची राहिली होती.

आधी जेवायला जायचं तर शेजाऱ्याला नुसतं बोट दाखवायचं. तो आपले चार माग बघायचा, मग आपण त्याचे. कुणी ठरवलेलं नाही, पण कारखाना झाला तेव्हापासनं तसंच आहे. मी आण्णांशी एकला बोलायचो ते महादेवप्पांच्या जिवावर. आता सहा मागांचा माणूस दुसऱ्याचे सहा बघूच शकत नाही. जेवण उभ्यानं. लघवीला जाताना पळत. मी पण पळतो आता.

कुणी माझ्याशी बोलत नाही. तेवढा वेळ वाचतो.

१५ डिसेंबर, रविवार

आण्णा शिकले शेवटी! आठवडाभर रेकॉर्डिंग सहा मिनिटांच्या आत. कालचं तर साडेचार. म्हणजे माझे सव्वादोन. सांगितलं की ऐकतात, जरा उशिरा ऐकतात एवढंच. आवाज पण ठणठणीत, एकामागे एक वाक्य सोडतात.

मी पण उत्तराचं काम कमी केलं. ‘बरं. काळजी घ्या.’ – हे एकदा लिहून फोनमध्ये तयारच ठेवलंय. एक बोट लावलं की जातं.

ते सर म्हणाले होते, महिन्यानं वही काढून हिशोब करा, किती वेळ वाचला. केला. दुधाची अकरा मिनिटं, चपला-शर्टाची चार, भाकरीची पंचवीस, आण्णांची तीन-चार. दिवसाला पाऊण तास. महिन्याचे बावीस तास! आता हे बावीस तास कुठं आहेत ते त्या सरांनी येऊन दाखवावं. माझ्याकडं नाहीत. खोलीत बघितलं, कारखान्यात बघितलं. सव्वीस वर्षांचा आहे आणि जिना चढताना म्हाताऱ्यासारखा कठडा धरतो.

२४ डिसेंबर, मंगळवार

मथुराकाकूचे तीन मिस कॉल. मागांचा आवाज, ऐकू काय येणार. बाहेर पळत जाऊन लावला. काकू म्हणाली, एकदा येऊन जा की, आण्णाकडं बघून जा. मी विचारलं, का, काय झालं? म्हणाली, झालं काय न्हाय, पण ये. मी म्हणलं, रोज बोलतात की माझ्याशी, चांगले बोलतात. तेवढ्यात आतनं राजशेखरनं शिट्टी मारली, दोन माग बंद पडले होते. ठेवला.

चाळीस सेकंदांचा फोन. काकूला उगाच घाई.

३ जानेवारी, शुक्रवार

थंडी. दुधाच्या पिशव्यांनी बोटं बधिर. आण्णा आज तीन मिनिटं दहा. रामराम सांग म्हणाले.

१४ जानेवारी, मंगळवार

सिद्धेश्वराच्या यात्रेची सुट्टी, आज आणि उद्या. सगळं गाव नंदीध्वज बघायला गेलं. मी यादी केली होती – सायकलचं चाक, गादी वाळवणं, दाढी. सकाळी दहाला दारात महादेवप्पा.

हातात डबा. कालची भोगीची भाजी आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी. उंबऱ्यावरच बसले, गुडघा आत घेता येईना. मला कुठं बघावं कळेना. विचारलं, काय करता सध्या? एका मंगल कार्यालयात ताटं उचलतात. म्हणाले, तिथं एक बरं आहे, ताट बंद पडत नाही.

मग म्हणाले, ‘वडील कसे आहेत? माझी आठवण काढतात काय?’

मी सांगितलं, रोज. रोज शेवटी तुम्हाला रामराम असतो.

‘मग तू कधी सांगितला नाहीस ते.’

रागानं नाही म्हणाले. मी फोन काढला. म्हणलं, थांबा, त्यांच्याच तोंडनं ऐका. सकाळचंच लावलं. दोन वाक्यं झाली आणि अप्पांनी हात वर केला. ‘हे कोण? रेडिओवाला? तुझा बाप असा बोलतो?’ मी म्हणलं, मी असंच ऐकतो, लवकर होतं. ते म्हणाले, ‘माझ्या डोक्याला एवढं पळवत नाही. हळू कर.’

दोन महिन्यांत पहिल्यांदा साध्या स्पीडवर लावलं.

‘दिग्या…’

मग काहीच नाही. मला वाटलं बंद पडलं. मग एक श्वास, विहिरीतनं बादली ओढल्यासारखा. त्याच्या शेवटी बारीक शिट्टी. मग, ‘आज… सक्रांत हाय.’ परत श्वास. ‘काकूनं… तिळगूळ दिला.’ तीन मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये आठ-नऊ वाक्यं. बाकी सगळं ते ओढणं. दुप्पट स्पीडवर ती जागा बारकी होऊन जाते, वाक्याला वाक्य चिकटतं. मला ते ठणठणीत वाटायचं.

शेवटी रामराम आला. अप्पांनी फोनलाच हात जोडले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, ‘तम्मा, बोलताना दम पुरत नाही ह्या माणसाला. कधीपासून?’

मला माहिती नव्हतं. रोज ऐकत होतो आणि मला माहिती नव्हतं.

१५ जानेवारी, बुधवार

काल दुपारपासनं आत्तापर्यंत सगळी ऐकली. पहिल्यापासनं, साध्या स्पीडवर. चाक तसंच राहिलं. एकसष्ट रेकॉर्डिंग, एकूण सहा तास चव्वेचाळीस मिनिटं. म्हणजे मी वाचवले तीन तास बावीस मिनिटं.

नोव्हेंबरात शेळीच्या कानाचं एका दमात सांगतात. मधे हसतात पण. डिसेंबर लागला की वाक्य मोडायला लागतं. आखूड बोलायला शिकले म्हणून मी खूश झालो होतो, तो आठवडा तर ऐकवत नाही.

आणि सांगत होते की! रोज सांगत होते. नोव्हेंबरात – पाणी बगायला टेलपतोर गेलो. नंतर – निम्म्यातनं माघारी आलो, ऊन होतं. मग – फाट्याजवळ आंब्याखाली बसलो जरा. मग – दारातनंच बगितलं पाणी. सगळं मी ऐकलंय. मला वाटलं, पाण्याच्या गोष्टी.

१६ जानेवारी, गुरुवार

साधा फोन केला. दूध उशिरा पोचलं, दोन बायका ओरडल्या. बावीस मिनिटं बोललो, म्हणजे ते सात-आठ मिनिटं बोलले असतील, बाकी मी थांबलो. मी म्हणलं, दवाखान्यात का गेला नाहीत? म्हणाले, तुला कळवलं की सुट्टी टाकशील, मग तुजे माग कोण बगणार.

काकूच्या जावयाला सांगून उद्या अकलूजच्या दवाखान्यात दाखल करतोय.

१९ जानेवारी, रविवार

पहाटेची एसटी. साडेदहाला अकलूज.

आण्णा खाटेवर उशीला टेकून बसलेले. आडवं होता येत नाही. एवढुसे झालेत. नाकात नळी. मला बघून पहिलं काय म्हणाले – ‘दूद कुनी टाकलं आज?’

मी म्हणलं, मला वाटलं तुम्ही थोडक्यात बोलायला शिकला. हसले. हसताना लागलेला खोकला पाच मिनिटं थांबला नाही. मग म्हणाले, ‘बरं झालं की. दोगांचंबी काम झालं.’

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आखडत चाललीत. बरं होणारं नाही, सांभाळता येईल. दोन-चार दिवसांत तपासण्या येतील, मग घरी सोडू.

आण्णांना औषधाची झोप लागली तेव्हा त्यांचा फोन हातात घेतला. वर त्यांचं रेकॉर्डिंग, खाली माझं ‘बरं. काळजी घ्या.’ वर रेकॉर्डिंग, खाली ‘बरं. काळजी घ्या.’ बोट दुखेपर्यंत सरकवलं, तेच. आण्णांना वाचता येत नाही. सोबतीला बसलेल्या काकूला विचारलं, ह्यांना कळायचं कसं मी काय लिहिलंय? म्हणाली, ‘ऋतुजा वाचती की रोज. ते म्हनायचे, परत वाच.’

दोनची एसटी धरली. उद्या आठला माग.

२० जानेवारी, सोमवार

ठरवलं. दोन माग परत करायचे.

मला चार पुरे. पूर्वी भागतच होतं. ते दोन आणि एकाला सहा झेपेनात म्हणून राजशेखरनं स्वतःकडं ठेवलेले दोन मिळून चार होतात, एका माणसाचे. महादेवप्पांचे. शेजारी परत ते आले की दुपारी एकला बोट दाखवून बाहेर जाता येईल. एकला आण्णांशी बोलायचं. साध्या स्पीडवर.

शेठसमोर उभा राहिलो. वाटलं हाकलतील. ते म्हणाले, माझे माग बंद राहिले नाहीत म्हणजे झालं, पुढच्या सोमवारी ये म्हण म्हाताऱ्याला. राजशेखर म्हणाला, डोकं फिरलंय ह्याचं, वाढलेलं ताट परत देतोय.

कारखान्यातनं थेट महादेवप्पांच्या घरी. सांगितलं. त्यांनी मला हाताला धरून बसवलं. मग बायकोला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले, ती आतनं चहा घेऊन आली. मला म्हणाले, ‘तिसऱ्याचा धागा अजून डावीकडनंच तुटतो काय?’

व्हय म्हणलं.

२३ जानेवारी, गुरुवार

आज दुधाच्या रस्त्यात थांबून एकाच्या ओट्यावर बसलो. पाच मिनिटं. कशाला ते माहिती नाही. बरं वाटलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

तपासण्या आल्या. घरी सोडलं. पण घरी ऑक्सिजनचं मशिन लागणार, दिवसाचे सोळा तास. विकत घेण्याचं नावच नको. भाड्यानं मिळतं, महिन्याला साडेचार हजार, लाईट बिल वेगळं. मी विचारलं, किती महिने? डॉक्टर फोनवर म्हणाले, कायमचं. आता मशिन काढलं तर अवघड आहे.

अजून एक म्हणाले. बोलू देऊ नका त्यांना. बोलण्यात दम जातो.

नोकरी सोडून घरी जाऊन बसलो तर भाडं कुठनं भरू? चार मागांत दर महिन्याचे पाठवून माझ्याकडं काय उरतं ते मला पाठ आहे. दूध खोलीभाड्यात जातं. दिवसात अजून एक काम बसतं का, रात्रभर वहीत मांडून बघितलं. एवढे दिवस मिनिटं काढायला शिकलो, तर आज एक निघेना.

सहा मागांचे जादाचे जेवढे यायचे, बरोब्बर तेवढंच ते भाडं आहे.

२५ जानेवारी, शनिवार

आण्णांचं रेकॉर्डिंग आलं. चाळीस सेकंद. शब्द एक नाही. नुसतं मशिन, भुस्स – थांबतं – भुस्स. त्यांनी बटन दाबून फोन छातीजवळ धरला असणार.

साध्या स्पीडवर ऐकलं. सहा वेळा.

२७ जानेवारी, सोमवार

साडेसातलाच जाऊन शेठला सांगितलं – सहाच राहू द्या.

बाहेर आलो तर महादेवप्पा फाटकाशी. धुतलेला शर्ट, डबा. सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘वडलांचं काही आलं?’ मी फोन त्यांच्या कानाला लावला. चाळीस सेकंद तसेच उभे राहिले, पुरं ऐकलं. फोनला हात जोडले. मग मागं वळून चालायला लागले, हळूच, गुडघा सांभाळत. आत सहा माग माझी वाट बघत होते. मी पळालो.

जेवायच्या वेळी मशिनचे पैसे मथुराकाकूच्या नंबरवर सोडले. टेलला जाऊन बघायला कुणी नाही.

४,५०० रुपये.